दीड थाऊचा हट्ट

माझ्या मोटारसायकलला कुणी डबडं म्हटलं की मला आजही राग येतो. गाडी विकून कितीतरी वर्षं झाली, पण राग तेवढाच ताजा आहे. साडेतीनशे सीसीची, काळी, माझ्याहून थोडीच लहान अशी ती गाडी मी सांताक्रूझच्या एका निवृत्त गृहस्थांकडून घेतली, ती ऐंशीच्या दशकाच्या सुरुवातीला. मी तेव्हा अंधेरीच्या औद्योगिक वसाहतीत एका कारखान्याच्या टूलरूममध्ये टर्नर होतो. दिवसभर लेथवर उभं राहून दुसऱ्यांच्या यंत्रांचे भाग मोजून मापून करायचे आणि संध्याकाळी मरोळच्या घरी येऊन तेच आपल्या गाडीसाठी करायचं, यात मला काही वावगं वाटत नसे. घरच्यांना वाटत असे.

आता त्या जातीच्या गाड्यांच्या खोडी मी नाही सांगितल्या तर कोण सांगणार? पहिली खोड म्हणजे तेल. इंजिनाच्या दोन अर्ध्या भागांच्या जोडातून ते झिरपायचंच. आमच्या चाळीसमोर गाडी जिथे उभी राहायची तिथल्या फरशीवर एक काळा डाग कायमचा बसला होता आणि शेजारच्या काकू त्याला ओलांडून जाताना दर वेळी 'शी' म्हणायच्या. दुसरी खोड विजेची. सहा व्होल्टचा डायनॅमो, त्यामुळे पुढचा दिवा लावला काय आणि न लावला काय, सारखंच. तिसरी खोड पुढच्या ब्रेकची. तो दाबला की गाडी थांबत नसे, फक्त आपली इच्छा तिला कळत असे. क्लचची केबल कधी तुटेल याचा नेम नव्हता. मागच्या चाकाच्या फोर्कमधले बुश, म्हणजे आतल्या धातूच्या नळ्या, झिजले की वळणावर गाडीचं मागचं अंग पुढच्यापेक्षा वेगळा विचार करायला लागे. आणि किक! नीट जमली नाही तर उलटी येऊन पोटरीत अशी बसायची की दोन दिवस माणूस लंगडत चालावा.

पण मला सगळ्यात असह्य व्हायचा तो प्ले. दोन भागांच्या मध्ये असलेली जादा जागा, हलहल, खडखड, त्याला आम्ही टूलरूमवाले प्ले म्हणतो. आमच्या मोठ्या साहेबांनी मला पहिल्या वर्षी शिकवलं होतं की ज्याच्या कामात प्ले, त्याच्या हातात खोट. ते माझ्या डोक्यात इतकं पक्कं बसलं की घरातल्या दाराची बिजागरी हलली तरी माझं जेवणात लक्ष लागत नसे.

लग्नानंतर वर्षभरात बायकोला घाटकोपरच्या एका शाळेत नोकरी लागली. प्राथमिक शिक्षिका, सकाळचं सत्र. प्रोबेशन दोन वर्षांचं आणि मग कायम. आमच्या घरात ही केवढी गोष्ट होती ते आज सांगून पटणार नाही. माझे वडील गिरणीतून घरी बसलेले, धाकटा भाऊ शिकत होता. पण पैशाचं सोडा, तिला स्वतःला ती नोकरी जिवापाड हवी होती. डीएड करून ती तीन वर्षं अर्ज टाकत होती. पहिल्याच दिवशी मुख्याध्यापिका बाईंनी तिला बजावलं होतं, "तुमच्या आधीच्या बाई शिकवायच्या छान. पण उशीर करायच्या. म्हणून त्या गेल्या आणि तुम्ही आलात."

त्या संध्याकाळी तिने मला घरी येऊन सांगितलं, "अहो, हजेरीची सही सहा चाळीसला. एक मिनिट इकडे तिकडे नाही."

मरोळहून घाटकोपरला सरळ लोकल नाही. दादरला जाऊन उलटं यायचं म्हणजे सकाळ तिथेच संपली. पहिली बस सहा पाचची, ती साकीनाक्यावरून रमतगमत जाऊन पोचवायची सहा पन्नासला. म्हणजे बस बाद. राहिली माझी मोटारसायकल. सहा दहाला निघालं की पंचवीस मिनिटांत शाळेचं फाटक. तिथून मागे फिरून साडेसातच्या शिफ्टला मी आरामात कारखान्यात. तिची नोकरी माझ्या गाडीवर टिकणार आहे हे लक्षात आलं तेव्हा मला, खरं सांगतो, काळजी कमी आणि अभिमानच जास्त वाटला.

पहिल्या महिन्यात गाडीने दोनदा मान टाकली. एकदा क्लचची केबल तुटली, एकदा ठिणगी पाडणाऱ्या पॉइंटमध्ये कचरा आला. दोन्ही वेळा मी रस्त्याच्या कडेला बसून पंधरा मिनिटांच्या आत दुरुस्ती केली आणि तिला शाळेत सोडलं. ती बाजूला पर्स धरून उभी होती. संध्याकाळी मी भीत भीत विचारलं, "काही बोलल्या का बाई?" तर म्हणाली, "नाही, निभावलं." मी सुटकेचा श्वास सोडला आणि त्याच रविवारी गाडी अख्खी सोलून चटईवर मांडली.

पुढचं दीड वर्ष मी त्या गाडीची एकेक खोड मोडत गेलो. जोडांतून गळणारं तेल थांबवायला दोन्ही पृष्ठभाग काचेवर घासून सपाट केले. रिवाइंडिंगवाल्याकडून डायनॅमो बारा व्होल्टचा करून घेतला, मग दिव्यात रस्ता दिसायला लागला. पुढे ब्रेकच्या मोठ्या ड्रमचं चाक बसवलं. फोर्कचे बुश गनमेटलचे, स्वतःच्या हाताने लेथवर कातले. क्लचच्या केबलशेजारी दुसरी तयार केबल चिकटपट्टीने बांधून ठेवली, म्हणजे एक तुटली की दुसरी लावायला दोन मिनिटं. त्या वर्षांत शंभर सीसीच्या नव्या हलक्या गाड्या रस्त्यावर यायला लागल्या होत्या. सिग्नलला शेजारी उभ्या राहिल्या की चालू आहेत की बंद तेही कळायचं नाही. माझा भाऊ म्हणायचा, "दादा, वीक ना हे धूड, झकास नवीन घेऊ यार." मी त्याच्याकडे बघायचोसुद्धा नाही.

रोज सकाळी सहा दहाला आम्ही निघायचो. ती मागे एका बाजूला बसायची, एक हात माझ्या खांद्यावर, दुसऱ्या हाताने मांडीवरची पिशवी धरलेली. मरोळ नाका सुटला की बोलायला सुरुवात. वर्गातला कोण मुलगा पाढे म्हणताना डोळे मिटतो, कुणाच्या डब्यात रोज कांदाभजीच असते, असलं काहीतरी. मी ओरडून उत्तरं द्यायचो, कारण आमचं इंजिन काही मूग गिळून बसणारं नव्हतं. दोन खोल्यांत आम्ही पाच माणसं राहत होतो. आई उठायच्या आत चहा, वडील उठायच्या आत आंघोळ, अशा घाईत घरात आमचं बोलणं व्हायचं ते मीठ संपलं आणि पाणी गेलं एवढंच. पण हे मला तेव्हा कुठे सुचत होतं? माझे कान इंजिनातल्या टॅपेटच्या आवाजाकडे असायचे.

शाळेच्या फाटकाशी पोचलो की शिपायाखेरीज कुणी नसायचं. मी एकदा विचारलंही होतं, "पोरं कुठेयत?"

"पोरं सातनंतर येतात," ती म्हणाली. "शिक्षकांना आधी यावं लागतं."

मला ते पटलं. सरकारी नियमांत काहीही असू शकतं.

दुसरं वर्ष संपत आलं तेव्हा गाडी निळा धूर सोडायला लागली. पिस्टन आणि सिलिंडर झिजले होते, तेल वर चढून जळत होतं. धावायला काही अडचण नव्हती, नुसता धूर. पण नेमकं त्याच सुमारास तिच्या शाळेत तपासणी ठरली. शिक्षणाधिकारी येऊन तिचा पाठ बघणार आणि त्यांच्या शेऱ्यावर तिचं कायम होणं अवलंबून. ती रात्रंदिवस तक्ते रंगवत होती. मी म्हटलं, अशा दिवशी माझी बायको धुराच्या लोटातून उतरणार काय? छे.

"अहो, तपासणी होऊ द्या, मग उघडा," ती म्हणाली. "धुराचं काय, मी काय गाडी शिकवायला जात्येय का तिथे?"

"तू पाठाचं बघ," मी म्हटलं, "गाडीचं मी बघतो."

जवळच्या नाक्यावर एक मिस्त्री होते. आमच्याच मालवणकडचे, वयाने माझ्या वडिलांएवढे. कामाच्या आधी पिस्टन दाखवायला त्यांच्याकडे गेलो. सिलिंडर मोठा कापून त्यात थोड्या मोठ्या मापाचा नवा पिस्टन घालायचा होता. दोघांच्या मध्ये जागा किती ठेवायची एवढाच प्रश्न. आमच्या भाषेत थाऊ म्हणजे इंचाचा हजारावा भाग. मिस्त्री म्हणाले साडेतीन थाऊ.

"साडेतीन?" मी म्हटलं. "काका, साडेतीनमध्ये तर बैल जाईल. मी दीड ठेवतो."

"मेल्या, ता तुझा लेथवरचा काम न्हय," ते म्हणाले. "हयसर आग पेटता. पिस्टन तापलो काय फुगता, तेका जागा व्हयी."

"तुमच्याकडे मोजायला नीट मायक्रोमीटर नाही म्हणून तुम्ही साडेतीन ठेवता," मी हसत म्हणालो. असं बोलायला नको होतं. ते चिडले नाहीत, पिस्टन परत माझ्या हातात ठेवला आणि म्हणाले, "कर बाबा. पण पैले पाचशे मैल हळू चालव."

शनिवारी शिफ्ट सुटल्यावर सुपरवायझरला विचारून सिलिंडर लेथवर चढवला. असं काम मी आयुष्यात दुसरं केलं नाही. आतून आरसा. पिस्टनला तेलाचा हात लावून आत सोडला तर तो स्वतःच्या वजनाने इतका सावकाश उतरला की बघणारे दोघं तिघं वा वा म्हणाले. दीड थाऊ, चारही बाजूंनी सारखा. रविवारी इंजिन जोडून मरोळ नाक्यापर्यंत दोन चकरा मारल्या. धूर नाही, खडखड नाही. मी इतका खूश झालो की संध्याकाळी स्वतःहून भाजी निवडायला बसलो. आईने विचारलं, बरं वाटत नाहीये का?

सोमवारी सकाळी ती ठेवणीतली साडी नेसून, तक्त्यांची गुंडाळी उराशी धरून मागे बसली. साकीनाक्यापर्यंत गाडी लोण्यासारखी. आवाज ऐकून मला राहवलं नाही. नाका ओलांडल्यावर मी अ‍ॅक्सिलरेटरला थोडा पीळ दिला, मग आणखी थोडा. असल्फ्याचा चढ लागला आणि इंजिनाचा आवाज अचानक बारीक झाला, ताणला गेला, आणि मागचं चाक जागच्या जागी आवळलं. हाताने सवयीने क्लच दाबला म्हणून पडलो नाही. गाडी कडेला नेऊन किक मारली. किक खाली जाईचना. पाय ठेवून उभा राहिलो तरी नाही. इंजिन धरलं होतं. तापलेला पिस्टन फुगून सिलिंडरला चिकटला होता, आणि तो कुणामुळे चिकटला हे सांगायला कुणा मिस्त्रीची गरज नव्हती.

सहा बावीस झाले होते. केबल असती तर दोन मिनिटांत बदलली असती. याला इलाज एकच, थंड होईपर्यंत थांबणं.

"किती वेळ?" तिने विचारलं.

"वीस मिनिटं. जास्तच."

तिने रस्त्याकडे तोंड केलं आणि हात वर केला. दोन रिक्षा भरलेल्या गेल्या. मग वेसाव्याहून मासळी घेऊन घाटकोपरच्या बाजाराला निघालेला एक टेम्पो थांबला. मागे पाट्यांच्या मध्ये चार कोळणी बसल्या होत्या. त्यातली एक थोराड बाई तिच्या साडीकडे, तक्त्यांकडे बघून म्हणाली, "ये गो बाय, चढ वर. कागद माझ्याकडं दे, भिजतील." आणि तिने ती गुंडाळी डोक्यावर धरली. माझी बायको पाटीच्या कडेवर पाय देऊन चढली, पदर खोचला, आणि टेम्पो गेला. तिने मागे वळून माझ्याकडे एकदा हात हलवला, पण तो रागाने होता की कसा, ते मला कळलं नाही.

मी रस्त्याच्या कडेला इंजिनाजवळ बसून राहिलो. वीस मिनिटं एखाद्या तापलेल्या लोखंडाकडे बघत बसलं की माणूस स्वतःविषयी बरंच काही कबूल करतो. तिने सांगितलं होतं, नंतर उघडा. मिस्त्रींनी सांगितलं होतं. मी दोघांनाही हसण्यावारी नेलं होतं. तिची दोन वर्षं मी माझ्या कारागिरीच्या हौसेपायी रस्त्यात पालथी केली, असं मला वाटत होतं आणि स्वतःच्या थोबाडीत मारावीशी वाटत होती. इंजिन निवल्यावर पिस्टन सुटला. किक बसली. मी गाडी रांगत रांगत घाटकोपरला नेली. ठरवलं होतं की सरळ मुख्याध्यापिका बाईंसमोर उभं राहायचं आणि सांगायचं, चूक माझी आहे, तिची नाही.

फाटकाशी पोचलो तेव्हा सात वाजायला पाच कमी होते. आणि समोर बघतो तर दोन शिक्षिका पर्स हलवत, गप्पा मारत आत चालल्या होत्या. त्यांच्यामागून एक सर पान थुंकून सावकाश. मी मनात म्हटलं, आज तपासणी आणि हे सगळे पंधरा मिनिटं उशिरा? यांची काही धडगत नाही.

शिपायाला विचारलं, "बाई कुठेयत, मुख्याध्यापिका? आमच्या घरच्यांना आज सहीला उशीर झाला, त्याचं सांगायचं होतं."

तो माझ्या काळ्या हातांकडे बघत राहिला. "उशीर कुठला? सहीचं मस्टर सातला निघतं. तुमच्या बाई तर माझ्याबरोबर कुलूप उघडायला असतात रोज. आज जरा मागं आल्या, सहा चाळीसला. वर्गात आहेत."

मी व्हरांड्यातून पुढे गेलो. वर्गात ती एकटीच होती. तक्ते भिंतीला लागले होते, फळ्यावर तारीख लिहून झाली होती, आणि ती खुर्चीत बसून रुमालाने साडीच्या निऱ्यांवरचं मासळीचं पाणी टिपत होती. मला दारात बघून तिने भुवया उंचावल्या. मग माझा चेहरा बघून तिला कळलं की मला कळलं. तिला हसू आलं आणि तिने हातानेच मला जा जा केलं.

पाठ उत्तम झाला. संध्याकाळी ती ते सांगत होती आणि मी ऐकत होतो, पण माझ्या डोक्यात दुसरंच. आई शेजारी गेल्याचं बघून मी विचारलं, "सही सातला असते?"

"हो."

"मग दोन वर्षं मला सहा चाळीस सांगितलंस ते?"

"पहिल्या दिवशी गाडीकडे एकदा बघितलं आणि सांगितलं," ती म्हणाली. तिने ना मान खाली घातली ना आवाज चोरला. "खरी वेळ सांगितली असती तर तुम्ही ती वीस मिनिटं घासून पुसून सहा तीसला निघाला असतात."

हे मात्र खोटं नव्हतं. मला आधी नाकाला मिरच्या झोंबल्या. दोन वर्षं मी समजत होतो की माझ्या गाडीने हिची नोकरी धरून ठेवली आहे. आणि ही रोज वीस मिनिटं आधी उठून, कुणाला न सांगता, त्या गाडीचा सगळा वेडेपणा स्वतःच्या झोपेत जिरवत होती. मग मनात हिशेब सुरू झाला, टूलरूमची सवय. मस्टर सातला. बस पोचते सहा पन्नासला.

"अगं, म्हणजे तुला बसनेही जाता आलं असतं," मी म्हटलं. "सहा पाचच्या. पहिल्या दिवसापासून. ना केबल, ना धूर, ना मासळीचा टेम्पो."

"आलं असतं की."

"मग जीव टांगणीला लावून या गाडीवर कशाला बसलीस दोन वर्षं?"

ती धुतलेली साडी दोरीवर पसरत होती. ती तशीच हातात धरून माझ्याकडे वळली. आतल्या खोलीत वडील खोकत होते, भाऊ मोठ्याने धडा वाचत होता.

"बसने शाळेत पोचले असते हो," ती म्हणाली. "पण ह्या घरात तुम्ही मला भेटता कधी?"